तुळजापूरहून परतताना जाम होणारा पुढचा ब्रेक

गाडी २००७ सालची, १५० सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. अठरा वर्षांत या गाडीला जे जे हात लागले त्यांचा होता, आणि त्यातला एक हात माझाच निघाला. म्हणून तर हे प्रकरण लिहून ठेवतोय.

मालक यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. घर आणि कारखाना दोन्ही अक्कलकोट रोडच्या अंगाला, मध्ये फार तर तीन किलोमीटर. घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू-कानडी-मराठीची मिसळ, आणि माझ्याशी अस्सल सोलापुरी. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला मेस्त्री. दर पौर्णिमेला तुळजापूर चुकवायचं नाही हा त्यांचा नेम, आणि तोही याच गाडीवर.

तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी: "मेस्त्री, जाताना काय नाही. येताना पुढचं चाक जाम होऊलालंय. कुणीतरी मागून धरल्यागत."

सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. जाताना घाट चढायचा असतो, ब्रेकला फारसं काम नसतं. येताना घाट उतरला की थोड्या वेळाने गाडी जड व्हायची. तोच वेग ठेवायला अ‍ॅक्सिलेटर जास्त पिळावा लागायचा. पुढचा लिव्हर एरवी दोन बोटांनी दाबला की धरायचा, तो दगडासारखा टणक होऊन बसायचा. डिस्कजवळून जळका वास. अण्णा बाभळीच्या सावलीला थांबायचे, बाटलीतलं पाणी डिस्कवर ओतायचे, चर्र आवाज व्हायचा, आणि वीसेक मिनिटांत चाक मोकळं. मग गाडी घरी, दुसऱ्या दिवशी गॅरेजला. गॅरेजला येईपर्यंत गाडी पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखी शहाणी.

एप्रिलच्या पौर्णिमेला मात्र घाटातच उलटं झालं. लिव्हर एकदम मऊ पडला, थेट हँडलच्या रबराला टेकला, आणि पुढचा ब्रेक नाहीच. मागच्या ब्रेकवर आणि दुसऱ्या गिअरवर त्यांनी गाडी खाली आणली. एका फेरीत लिव्हर दगड, दुसऱ्या फेरीत लोणी. हे ऐकून मीसुद्धा आधी डोकं खाजवलं. टणक लिव्हर आणि मऊ लिव्हर हे दोन वेगळे आजार असतात असंच आपण धरून चालतो.

आधीचे दोन इलाज

मार्चच्या फेरीनंतर पहिल्या गॅरेजात नवे पॅड टाकले. जुने पॅड अर्धेच झिजले होते, पण गाडी जाम होते म्हटल्यावर पॅड बदलणं सगळ्यात सोपं. पुढे एका गुरुवारी अण्णा अक्कलकोटला जाऊन आले, पुन्हा तेच. मग दुसरं गॅरेज. तिथं निदान झालं, "लाइनमध्ये एअर आहे." एअर काढली, कॅलिपर (चाकाजवळचा, पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खोलून आतली रबरं बदलली, पिस्टन पॉलिश केला, आणि हँडलवरची ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरून दिली.

एअर असेल तर लिव्हर स्पंजासारखा होतो, टणक नाही. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, एवढी ही साधी गोष्ट. त्यामुळे ते निदान ऐकूनच मला हसू आलं. कॅलिपरचं काम मात्र मी नंतर पाहिलं तेव्हा नीट केलेलं होतं. माणूस कामाचा होता, जागा चुकली होती. कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकत असता, किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या असत्या, तर चाक थंड असतानाही घासलं असतं. इथं थंड चाक लोण्यासारखं फिरत होतं.

दोन्हीकडे तपासणी एकाच पद्धतीने झाली होती. मेन स्टँडवर लावायची, पुढचं चाक उचलून हाताने फिरवायचं, फिरलं की बिल.

मीही पहिल्या दिवशी तेच केलं. चाक फिरवलं, लिव्हर दाबला, सोडला, पुन्हा फिरवलं. डिस्क वाकडी आहे का ते बघितलं. वाकडी असती तर ब्रेक दाबताना लिव्हर बोटांखाली थडथडला असता. बेअरिंग हलवून बघितली. काहीच नाही. "अण्णा, यात तर काहीच सापडत नाही," म्हटलं तर ते हसले. म्हणाले, "बंद मागाला कान लावून धागा का तुटतो ते कळतं का, मेस्त्री? माग चालवायला लागतो. चालू मागावर हात ठेवायला लागतो."

सव्वीस वर्षं पाने हातात धरून मला जे सुचलं नाही ते जॉबरने एका वाक्यात सांगितलं. आम्ही तिघे मेस्त्री आजारी गाडीला बरी असतानाच तपासत होतो. आणि अण्णा बिचारे दर वेळी पाणी ओतून तिला बरी करूनच आणत होते. (गरम डिस्कवर गार पाणी ओतू नका. डिस्क वाकडी होते. हेही त्यांना तेव्हाच सांगितलं.)

गाडी मुद्दाम आजारी पाडली

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर तुळजापूर रोडला निघालो. मी अण्णांच्या गाडीवर, गॅरेजमधला पोरगा मागे दुसऱ्या गाडीवर. निघण्याआधी मागचा ब्रेक चोख आहे याची खात्री केली, कारण पुढचा कधीही दगा देणार हे माहीत होतं. पिशवीत ८, १० आणि १२ चे पाने, चिंध्या, रबरी नळी, रिकामी बाटली आणि भरपूर पाणी. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उठतो, म्हणून पाणी लागतंच. लगेच ओतलं की वाचतं.

उळ्याच्या पुढे रस्ता मोकळा दिसला की ६० वरून २० वर आणायची, पुन्हा ६०, पुन्हा २०. असं पंधरा-सोळा वेळा. बाराव्या-तेराव्या वेळेपासून लिव्हरचा मोकळा खेळ कमी होत गेलेला बोटांना कळत होता. पहिल्यांदा लिव्हर चार-पाच मिलिमीटर सैल जायचा, मग तीन, मग नाहीच. शेवटी क्लच दाबून गाडी सोडून दिली तर पाच-सहा वावांवर आपोआप उभी राहिली. कडेला घेतली, स्टँडवर लावली. पोराने मागून दाबून पुढचं चाक उचललं. मी दोन्ही हातांनी जोर लावला तरी चाक हलेना. डिस्कवर बोटाने पाण्याचा एक थेंब टाकला. तव्यावर नाचतो तसा नाचून उडाला.

आता इथे क्रमाचं महत्त्व आहे, आणि हा क्रमच पुढे मला नडला. दाब कुठं अडकलाय ते शोधायचं तर वरून खाली यायचं. सगळ्यात आधी खालचा ब्लीडर, म्हणजे कॅलिपरवरचा ऑइल-हवा सोडायचा स्क्रू, ढिला केला तर सगळ्याच लाइनचा दाब निघून जातो आणि चोर कोण ते कळतच नाही. मग पुन्हा पंधरा वेळा ब्रेक मारत बसा. म्हणून मी वरून सुरुवात केली. लिव्हर दाबला की जो दाब तयार करतो त्या हँडलवरच्या मास्टर सिलेंडरला जिथं पाइप जोडलेला असतो त्या बँजो बोल्टभोवती चिंधी गुंडाळली आणि बोल्ट पाव आटा ढिला केला. फुस्स करून ऑइल चिंधीत आलं, आणि त्याच क्षणी पोरगा ओरडला, "मामा, सुटलं!" चाक फिरत होतं.

म्हणजे दाब मास्टर सिलेंडरनेच धरून ठेवला होता. बोल्ट ढिला करूनही चाक जाम राहिलं असतं, तर पुढे ब्लीडर ढिला केला असता. तिथं सुटलं असतं तर दोष पाइपचा. जुन्या रबरी पाइपाचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं बसतं. दाब जाऊ देतं, परत येऊ देत नाही. आणि ब्लीडरनेही सुटलं नसतं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना. पाच मिनिटांत निम्मी गाडी संशयातून बाहेर.

सुईएवढं होल

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर सिलेंडर उघडला. डबीचं झाकण काढलं, खालचं रबर काढलं. ऑइल टपरीवरच्या कडक चहासारखं तांबडं-काळं. नवं ब्रेक ऑइल फिकट पिवळं, जवळजवळ पाण्यासारखं असतं. तळाशी तपकिरी जेलीसारखा गाळ. दुसऱ्या गॅरेजने एअर काढताना वरून नवं ऑइल ओतलं होतं, पण तळाचा गाळ कुणी पुसलाच नव्हता.

डबीच्या तळाला दोन होल असतात. एक काडेपेटीच्या काडीएवढं, दुसरं सुईच्या टोकाएवढं. मोठ्या होलाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण ते दिसतं. सगळी गंमत बारक्या होलाची आहे.

लिव्हर सोडलेला असताना सिलेंडरमधला पिस्टन मागे असतो आणि त्याच्या तोंडावरचं रबर त्या बारक्या होलाच्या किंचित अलीकडे थांबतं. म्हणजे होल उघडं; खालच्या लाइनचा आणि वरच्या डबीचा रस्ता मोकळा. लिव्हर दाबायला लागलं की रबर पुढे सरकून हे होल ओलांडतं, रस्ता बंद होतो, आणि तिथून पुढे दाब तयार होतो. सोडला की रबर मागे, होल पुन्हा उघडं.

हे होल का हवं? कारण ब्रेक मारला की पॅड आणि डिस्क तापतात, ती उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलला लागते, आणि तापलेलं ऑइल फुगतं. फुगलेल्या ऑइलला डबीत परत जायचा रस्ता एवढाच. तो बंद असेल तर लिव्हर सोडूनही लाइनमध्ये दाब राहतो. पॅड डिस्कला चिकटून राहतात, घासतात, आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. आगीत तेल म्हणतात तसं. गाडी थांबली, सगळं गार झालं, ऑइल आक्रसलं, चाक मोकळं. तीन किलोमीटरवरच्या कारखान्याला रोज जाऊन येताना ऑइल तेवढं तापतच नाही, म्हणून फक्त पौर्णिमेला त्रास. देवीचा काही संबंध नाही, अण्णांना मात्र मधे शंका आली होती.

आणि एप्रिलमधला मऊ लिव्हर? तोही यातूनच. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. झाकणातून, पाइपाच्या रबरातूनसुद्धा. सोलापूरची हवा कोरडी म्हणून आपल्याकडे हा प्रश्न नाही असं बरेचजण समजतात, पण पाच-सहा वर्षं न बदललेल्या ऑइलला कोरडं गाव वाचवत नाही. नवं डॉट ३ प्रतीचं ऑइल कमीत कमी २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ कमीत कमी २३० ला. ओल धरलेलं डॉट ३ मात्र १४० ला उकळू शकतं, आणि डॉट ४ १५५ ला. घाट उतरताना पॅड आधीच घासत होते, त्यात ब्रेकही मारला, कॅलिपरमधलं ऑइल उकळलं आणि वाफ झाली. वाफ हवेसारखी दाबली जाते. लिव्हर रबराला टेकला. टणक आणि मऊ ही एकाच आजाराची पहिली आणि शेवटची पायरी होती.

बारकं होल गाळाने बुजलं होतं. इलेक्ट्रिकच्या वायरमधली तांब्याची एकच तार घेऊन अलगद साफ केलं. इथं ड्रिल किंवा सुई कुणी घालू नये. होलाच्या आतल्या काठाला चर उमटला तर येता-जाता तो रबराला कापतो. सिलेंडर आतून उजेडात धरून बघितला, ओरखडे नव्हते. पिस्टन-रबर-स्प्रिंगचं नवं किट टाकलं. नवी रबरं फक्त ब्रेक ऑइलने ओली करून बसवली. पेट्रोलने धुतली की ही रबरं फुगतात, आणि फुगलेलं रबर पुन्हा तेच होल झाकतं. नवीन डॉट ४, कारण झाकणावर तेच कोरलेलं होतं. पूर्ण जुनं ऑइल खालून बाहेर येईपर्यंत ब्लीड केलं. डबी वरच्या खुणेपर्यंतच भरली.

चाक फिरवलं, मोकळं. सात रस्त्यापर्यंत एक फेरी मारून आलो, ब्रेक चोख. अण्णांना गाडी देताना मी तासभर प्रवचन दिलं, की बघा, थंड गाडीवर गरम आजार सापडत नसतो, आधीच्यांनी हीच चूक केली. पोरगाही मान डोलवत होता.

मे महिन्याची पौर्णिमा

दुपारी एकला फोन. "मेस्त्री, हिप्परग्याच्या तळ्याजवळ उभा आहे. परत तेच."

पोटात गोळा आला. "पाणी ओतू नका, लिव्हरला हात लावू नका, आलो," म्हणून निघालो. तळं गावाला लागूनच, पंधरा मिनिटांत पोचलो. रस्ता तापून त्यावरची हवा हलताना दिसत होती. अण्णा टॉवेल डोक्यावर टाकून उभे. चाक अजून घट्टच होतं, उन्हानं ते गारही होत नव्हतं.

सात रस्त्याची फेरी आठवली. पाच-सहा किलोमीटर. त्यात कुठला ब्रेक तापतो? ज्या चुकीवर तासभर बोललो तीच मी केली होती. दुरुस्त झाल्यावर गाडी पुन्हा मुद्दाम तापवून बघायला हवी होती. आजार शोधायला तापवली, बरी झाल्याची खात्री करायला नाही.

या वेळी बँजो बोल्टला हातच लावला नाही. वरून खाली यायचं म्हणतो, तर सगळ्यात वर काय असतं? लिव्हर. लिव्हरचा १० नंबरचा नट काढला, खालून बोल्ट ढकलला. तो दाबाखाली होता, सहज निघेना. लिव्हर सुटला तसा मास्टर सिलेंडरचा पिस्टन नखाएवढा बाहेर आला आणि पुढचं चाक मोकळं झालं. एक थेंबही ऑइल सांडलं नाही. दोन मिनिटांचं काम, आणि पहिल्या दिवशी उळ्याजवळ हे करायचं मला सुचलं नव्हतं.

"अण्णा, हा लिव्हर कधी बदलला?"

"लिव्हर? लिव्हर कुठं बदललाय?"

अण्णांच्या पोराला फोन लावला. तेव्हा उलगडलं. जानेवारीत, सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत अण्णा गर्दीत गाडीसकट पडले होते. मनगटाला प्लास्टर, दीड महिना हातात गाडी नाही. जानेवारी आणि फेब्रुवारीची पौर्णिमा एसटीने झाली. त्या काळात तुटलेला लिव्हर पोराने बाजारातून आणून बसवून घेतला. दिसायला हुबेहूब. बापाला सांगायचं राहून गेलं, कारण लिव्हर म्हणजे काय, नुसता दांडा. आणि मी अण्णांना "ब्रेकचं काय काम केलं होतं?" एवढंच विचारलं होतं. त्यांच्या माहितीप्रमाणे त्यांनी खरं उत्तर दिलं. "गाडी पडली होती का, आणि गाडी आणखी कोण चालवतं?" हे विचारलं असतं तर तुळजापूरची एक फेरी वाचली असती.

गॅरेजला आल्यावर त्याच मॉडेलचा मूळ लिव्हर शेजारी ठेवून व्हर्नियरने मापलं. लिव्हरचं जे नाक पिस्टनला ढकलतं ते बाजारच्या लिव्हरला जवळजवळ एक मिलिमीटर जाड होतं. म्हणजे लिव्हर सोडलेला असला तरी पिस्टन कायम एक मिलिमीटर आत दाबलेला. बाहेरून बघताना लिव्हरच्या टोकाला थोडा खेळ दिसत होता, पण तो बोल्टच्या सैल होलाचा खोटा खेळ होता. खरा खेळ नाक आणि पिस्टन यांच्यामध्ये असावा लागतो.

मग गाळाचं काय? गाळही खरा होता. माझा अंदाज असा की जुनं झिजलेलं रबर एक मिलिमीटर पुढे असूनही होल पुरतं झाकत नव्हतं. जो कोपरा उघडा राहिला तो हळूहळू गाळाने भरला. मी गाळ काढला, पण सोबत नवं रबर टाकलं. त्याचा काठ भरलेला, धारदार. त्याने उरलेला कोपराही पक्का झाकला. म्हणजे मी एक दार उघडलं आणि त्याच हाताने लावून घेतलं.

आणि हे बसवतानाच कळायला हवं होतं. डबीचं झाकण उघडं ठेवून लिव्हर हलकेच, अगदी सुरुवातीचा दाबला की त्या बारक्या होलातून ऑइलचं इवलंसं कारंजं उठतं. रबर होल ओलांडायच्या आधी थोडं ऑइल वर ढकलतं, त्याचं ते कारंजं. दहा सेकंदांची तपासणी आहे. कारंजं दिसलं तर रस्ता मोकळा. नाही दिसलं तर होल बुजलंय किंवा पिस्टन पूर्ण मागे येत नाहीये. डबीवर तोंड वाकवून बघू नये, ऑइल डोळ्यात उडतं. जोरात दाबलं तर टाकीवरही उडतं, म्हणून भोवती फडकं.

मी ते का पाहिलं नाही? कारण ब्लीडिंग झकास झालं होतं. लिव्हर कडक आला, खालून स्वच्छ ऑइल आलं, मन भरलं. पण ब्लीड करताना सिलेंडरला ऑइल मिळतं ते मोठ्या होलातून. पिस्टन मागे येताना ते रबराच्या काठावरून पुढे उतरतं. बारकं होल पूर्ण बंद असलं तरी ब्लीडिंग उत्तम होतं. ब्लीडिंग होणं हा परतीचा रस्ता मोकळा असल्याचा पुरावा नाहीच. आपल्या धंद्यातली बहुतेक माणसं, मी धरून, तो तसा समजतात.

शेवटचं काम

बाजारच्या लिव्हरचं नाक कानशीने घासून एक मिलिमीटर कमी करायचा मोह झाला. पोरगा कानस घेऊनच उभा होता. केलं नाही. घासलेलं नाक सपाट राहत नाही, पिस्टनला तिरकं ढकलतं, आणि चार महिन्यांनी त्याने पडलेला खड्डा किती झाला हे कोण बघणार? मूळ लिव्हर मिळायला तीन दिवस लागले. तेवढे दिवस गाडी गॅरेजलाच ठेवली. अण्णा म्हणत होते, "कारखान्यापुरती नेतो." नाही दिली. ही गाडी जुनी, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला तो १ एप्रिल २०१९ पासून. तो असता तरी असं आतून धरलेलं चाक त्याच्याने सुटलं नसतं, हा भाग वेगळा. वळणावर पुढचं चाक धरलं की माणूस थेट जमिनीवर.

तोवर बाकीचं बघून घेतलं. पॅड भाजून आरशासारखे चकचकीत झाले होते, ते बदलले; नुसते पॉलिशपेपरने घासून चालवता आले असते, पण घाटात उतरणाऱ्या गाडीला नको. डिस्कवर निळसर डाग पडले होते. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मापली तर अजून वर होती, वाकही नव्हता, ठेवली. कॅलिपरची रबरं दुसऱ्या गॅरेजची, जेमतेम महिन्याची, पण दोनदा भाजलेली. तीही बदलली. दोन आठवड्यांपूर्वी टाकलेलं डॉट ४ पुन्हा पूर्ण बदललं, कारण तेही एकदा शिजून निघालं होतं.

मूळ लिव्हर बसवल्यावर आधी कारंजं बघितलं. उठलं. मग उळ्यापर्यंत जाऊन वीस वेळा ६० वरून २०. डिस्क तापलेली, पाण्याचा थेंब उडतोय, आणि चाक एका बोटाने फिरतंय. तिथंच कडेला झाकण उघडून गरम गाडीवरही कारंजं बघितलं. अण्णा सोबत आले होते, त्यांनीही बघितलं. म्हणाले, "एवढंसं?"

बिलात पॅड, कॅलिपरची रबरं आणि लिव्हर एवढंच लावलं. दुसऱ्या वेळचं ऑइल आणि मजुरी लावली नाही. आधी किट आणि ऑइलचे पैसे घेतले होते, ते परत द्यावेत का यावर थोडी घासाघीस झाली, उलट्या बाजूने, ते घेईनात. शेवटी कारखान्यातले दोन टॉवेल आणून ठेवले. बाजारचा लिव्हर गॅरेजच्या खिळ्याला टांगलाय, नाकाला लाल रंग लावून. कुणी लिव्हर घेऊन आलं की आधी त्याच्याशेजारी धरून बघतो.

जूनच्या पौर्णिमेला अण्णा जाऊन आले. दसऱ्यानंतर गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा डबी उघडली. ऑइल फिकट पिवळं, तळ स्वच्छ, कारंजं जागेवर. मागच्या ड्रमचा काटा मात्र खुणेच्या पलीकडे गेला होता, ब्रेक शू संपत आले होते. पुढच्यावर भरवसा नसल्यामुळे चार महिने सगळा भार मागच्यावर होता. ते शू आता बदललेत.